टीव्ही चालू असताना तुम्ही काय लिहिता, काय वाचता?

वाळ्याची ताटी (प्रतापनगर)

लेखकाला शांतता लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात नागपुरात येऊन एक पान लिहून दाखवावं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढं रोज नसलं तरी पंचेचाळीस हा आमच्याकडे बातमीचा आकडा नाही. खिडकीला कूलर. कूलरच्या घरघरीवर मात करायला टीव्हीचा आवाज वाढतो आणि टीव्हीवर मात करायला माणसांचा. घरात कूलर एकच, म्हणजे तो हॉलमध्ये. टीव्हीही तिथेच, सासूबाई दिवाणावर तिथेच, मुलांचा अभ्यासही तिथेच. आतल्या खोलीत लिहायला बसलं तर कागद दंडाला चिकटतो. तेव्हा मीही तिथेच.

‘टीव्हीने वाचन मारलं का’ या विषयावर परिसंवाद पुष्कळ झालेत. शंभरी ओलांडलेल्या आपल्या विदर्भ साहित्य संघातही मी ते ऐकलेत. श्रोत्यांतली अर्धी मंडळी साडेसातला चुळबुळायला लागतात, कारण आठला मालिका असते. मला तो वाद नको आहे. मला विचारायचं आहे ते साधं: एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी, टीव्ही, वाचणं, लिहिणं ही तिन्ही कामं तुम्ही कशी बसवता?

माझा अनुभव सांगते. मी एका पुरवणीसाठी दर आठवड्याला सदर लिहिते, टीव्हीकडे पाठ करून. त्यामुळे वर्षानुवर्षं मी मालिका पाहिलेल्या नाहीत, ऐकल्या आहेत. आणि मला असं वाटायला लागलंय की मालिका ही पाहण्यासाठी लिहिलेलीच नसते. दार वाजलं की सून म्हणते, ‘आई, तुम्ही? आणि इतक्या रात्री? हातात हे पत्र कसलं?’ समोर उभ्या असलेल्या बाईला तिच्या हातातलं पत्र कशाला सांगायचं? ते सांगणं माझ्यासाठी असतं आणि ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी असतं. ती नभोनाट्यंच आहेत, चित्र वरून लावलेलं. हे कळल्यावर मला मालिकांचा राग येईनासा झाला. माझ्या सदरातली वाक्यं मात्र मी मोठ्याने वाचून बघायला लागले, कूलर चालू असताना. जे वाक्य त्या घरघरीत ऐकू जात नाही, ते बहुतेक वेळा लांबलेलं असतं.

आता तुम्ही लिहा. थोर उत्तरं नकोत. काय वाचता हे खरं सांगा, पोथी असो की वेळापत्रक.

अजनी क्वार्टर

ताई, मी रेल्वेतून निवृत्त, वेळापत्रकच वाचत आलो. चेष्टा नाही, चांगलं वाचन आहे ते.

१९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आमच्या क्वार्टरच्या लायनीत टीव्ही मोजक्याच घरी होते, त्यातलं एक आमचं. रविवारी सकाळी दारापासून पार रस्त्यापर्यंत चपला. लहान पोरं पुढे, बायका मधे, पुरुष खिडकीतून. घरमालक म्हणून माझी जागा कुठे? मागच्या अंगणात. रात्रपाळी करून आलेलो असायचो, झोप शक्य नव्हती, म्हणून दिवाळी अंक घेऊन बसायचो आणि आतलं कानावर पडत राहायचं. माझं सगळं ‘रामायण’ असं अंकातल्या कथांमध्ये मिसळलेलं आहे. एका रहस्यकथेतला इन्स्पेक्टर मला अजून चौदा वर्षांच्या वनवासाला निघालेला आठवतो.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं, तेव्हा मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. माझ्या डोक्यातली अयोध्या जास्त मोठी होती. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘तुम्हाला आपलं काही आवडतच नाही.’

दिवाळी अंकांचं सांगतो. वाचनालयात अंकांची वेगळी वर्गणी असायची. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा आहे म्हणतात, आमच्या वाचनालयात एकेका वर्षाची दिवाळी होळीपर्यंत चालायची. चांगला अंक ज्याच्या हाती लागला तो परत करायचं नाव घेत नसे. आणि मिळायचा तेव्हा शब्दकोडं कुणीतरी पेनने भरलेलं, तेही चुकीचं. अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. आमच्या एका गार्डसाहेबांनी ‘चार अक्षरी नदी’ला ‘नागनदी’ लिहिलेलं होतं. उभ्या शब्दांशी ते जुळत नव्हतं, पण माणूस इथलाच हे पक्कं.

महालची काकू

‘नभोनाट्य’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. मी आकाशवाणी नागपूरवर महिलांच्या कार्यक्रमात बरीच वर्षं भाषणं वाचली. हे केंद्र १९४८ चं. आमच्या वाड्यात रेडिओ आधीपासून होता, टीव्ही कितीतरी नंतर आला, त्यामुळे माझ्या कानाला वळण रेडिओचं.

तिथे मी जे शिकले ते मला कुठल्या लेखन कार्यशाळेत मिळालं नसतं. कागद एका बाजूलाच लिहिलेला हवा. टाचणी, स्टेपल काही नको. वाचून झालेलं पान उचलायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं, नाहीतर त्याची फडफड माइकमध्ये जाते. पान संपताना वाक्य संपलं पाहिजे. म्हणून मी घरी लिहितानाच शेवटच्या ओळीला वाक्य पुरं करायला शिकले. वाक्य उरलं तर काटछाट. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं. काचेपलीकडचे साहेब घड्याळ दाखवतात तेव्हा तुमचा सुंदर समारोप त्यांना दिसत नसतो. जोडाक्षरांची रांग असलेले शब्द मी पहिल्याच वर्षी टाकून दिले, जीभ अडखळायची. ‘स्त्रीस्वातंत्र्य’ म्हणताना श्वास पुरवायला लागे, मग मी ‘बायकांचं स्वातंत्र्य’ म्हणायला लागले. अर्थाला काही फरक पडला नाही आणि ऐकणाऱ्या बायकांना ते आपलं वाटलं.

भाषण कुठे लिहायचे? सांगते. सांबारवडीचं (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) सारण परतताना. एक हात कढईत, दुसऱ्या हाताशी सिलिंडरच्या पावत्या, त्यांच्या पाठीवर मुद्दे. माझ्या जुन्या भाषणांना अजून हिंगाचा वास येतो. आता सूनबाई सातला मालिका लावते. ती पाहते, मी मटार सोलत ऐकते आणि मधेच म्हणते, ‘हे वाक्य काही जमलं नाही बाई.’ ती हसते. परवा तिनेच आतून ओरडून विचारलं, ‘आई, हे जमलं का?’

बिलबुक (इतवारी)

माझं धान्याचं दुकान. टीव्ही गल्ल्यावर, क्रिकेट असलं की चालू, नसलं की हिंदी बातम्या, आवाज बंद. खाली जे लिहून येतं तेवढं वाचतो. वाचन म्हणाल तर ते.

लिहिणं म्हणाल तर गझल. सुरेश भट अमरावतीचे, पण ते राहिले आपल्या नागपुरात, आणि नवीन पोरांना वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तोच तोच येणारा शब्द) समजावून सांगणारी ‘गझलेची बाराखडी’ त्यांनी लिहून ठेवली. ती मला एका गिऱ्हाइकाने दिली. मी हिशेबाचा माणूस, मात्रा मोजणं मला जड गेलं नाही. लघूची एक, गुरूची दोन, बेरीज दोन्ही ओळींत सारखी आली पाहिजे. रोकड वहीतही तेच करतो. शेर सुचला की बिलबुकाच्या कार्बनखालच्या कॉपीवर. एकदा मूळ बिलावरच लिहिला गेला आणि गिऱ्हाईक तूरडाळीबरोबर तो घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणे, ‘भाऊ, दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होऊन राहिली.’

हे इतवारीत घडू शकतं, एवढंच सांगायचं होतं.

नो टीव्ही

आम्ही टीव्ही विकून टाकला. आता घरात शांतता आहे, मुलं वाचतात, मी रोज लिहितो. सगळ्यांनी करून पाहावं.

वाळ्याची ताटी

अभिनंदन, भाऊ. मुलांच्या हातात मोबाइल आहे की नाही ते लिहायचं राहिलं. आणि रोज जे लिहिता त्यातलं थोडं पाठवा ना, शांततेत लिहिलेलं कसं असतं ते बघायचं आहे मला. (टोमणा नाही. थोडा आहे.)

संवादवाला

ताई, तुमचं पोळ्या लाटणाऱ्या बाईचं निरीक्षण शंभर टक्के खरं. आम्हाला तसं स्पष्ट सांगितलं जायचं.

मी नागपूरचा, शिकलो इथेच, मग मुंबईत काही काळ एका मालिकेचे संवाद लिहिले. कुठली ते सोडा. बाहेर लोकांना वाटतं ‘मालिकेचा लेखक’ एक माणूस असतो. तसं नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मी तिसरा. माझ्याकडे सीन येतो तेव्हा कोण कुठून येतं, काय कळतं, कुठल्या चेहऱ्यावर थांबायचं, हे सगळं ठरलेलं. मला फक्त तोंडं उघडायची असतात. एक भाग बावीस मिनिटांच्या आसपास. सकाळी कलाकार मेकअपला बसलेले आणि सीन अजून माझ्याकडे, हे रोजचं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. त्या दुपारी वळणं बदलतात. शुक्रवारी ज्याचं लग्न होतं तो कोमात जातो, आणि त्याच्या हळदीचे मी लिहिलेले संवाद तसेच पडून राहतात.

मग नायिकेचं माहेर विदर्भात ठरलं. मला वाटलं, आता आपला पत्ता लागला. माझ्या मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या, बर्डीवर भाजीवाल्यांशी घासाघीस करणाऱ्या बायांच्या बोलण्यातून मी नायिकेचे पहिले सीन लिहिले. निरोप आला: नायिका प्रमाण मराठी बोलेल, तिचा मामा तिकडचं बोलू दे, त्यात गंमत निघेल. मामा लिहिला. गाजलाही. ‘काहून बे’ म्हणत आला की सेटवर लाइटवालेही हसायचे. पण पुढे नायिकेचे वडील वारल्याचा सीन आला आणि पुन्हा निरोप: इथे मामाला प्रमाणातच बोलू दे, नाहीतर लोक हसतील.

मामा हसतो आपल्या भाषेत आणि रडतो परक्या भाषेत. मी तो सीन लिहून दिला, पैसे घेतले. त्या नटाने मात्र, तो आपल्याच भागातला होता, शेवटचं वाक्य आपल्या मनाने बदलून म्हटलं: ‘आता कोणाले बाबा म्हणू मी?’ एडिटमध्ये ते राहिलं, कारण रिटेकला वेळ नव्हता. माझ्या आईने फोन करून सांगितलं, आज तू बरं लिहिलंस.

तंबूतला (मूळ गाव वडसा, मुक्काम दिघोरी)

संवादवाले दादा, तुमचा मामा आमच्याकडे पाठवा. आमच्याकडे त्याला रात्रभर रडता येईल.

मी झाडीपट्टीसाठी नाटकं लिहितो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या बाजूला दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचं मुख्य ठाणं. नाटक मंडळांची ऑफिसं तिथे लागतात आणि गावचे लोक येऊन तारखा बुक करतात. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मी नागपुरात खोली करून राहतो आणि लिहितो, कारण गावी बसलं की लोक म्हणतात, पोट्टा रिकामा बसून राहिला.

माझ्या खोलीत टीव्ही नाही, पण भिंतीपलीकडे घरमालकांचा आहे, तो मला पुरतो. मालिका काय चालू आहे हे मला माहीत असावंच लागतं. एक तर कंपनीचे मालक म्हणतात, ‘टीव्हीत चालते तसं एखादं सासूचं टाक.’ दुसरं म्हणजे आमचा प्रेक्षक तीच मालिका घरी पाहून आलेला असतो. तिथे जे सहा महिने लांबवलं ते मला एका अंकात संपवावं लागतं, नाहीतर लोक ओरडतात. आणि ते ओरडणं तुमच्या गुरुवारच्या आकड्यांसारखं आठवड्याने येत नाही, वाक्य संपायच्या आत येते.

लिहिताना काय सांभाळायचं ते सांगतो. माइक वरून टांगलेले असतात. महत्त्वाचं वाक्य म्हणायला नटाला माइकखाली यावं लागतं, म्हणून तिथवर यायला चार पावलांचं फालतू वाक्य आधी द्यायचं. तालीम कमी, नाटकं जास्त, त्यामुळे नटांना वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर हा आमचा खरा वाचक. लांब वाक्य लिहिलं तर त्याचा दम जातो आणि तो दुसऱ्या दिवशी मला शिव्या घालतो. पहाटे दोन-अडीचला थंडी उतरते, मुलं आईच्या मांडीवर झोपतात, तेव्हा विनोदी पात्र आणायचं. करुण सीन तिसऱ्या अंकात, उजाडायच्या जरा आधी. तेव्हा जागे असतात ते खरंच पाहायला बसलेले असतात, बहुतेक बाया. आणि समोर पाहुणेही असतात. मंडईला नातेवाईक बोलावतात, पोरी दाखवतात, लग्नं जुळतात. नाटकात मी जेवढी लग्नं मोडतो त्याहून जास्त समोर बसून जुळत असतात.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे उलटं झालेलं आहे. जुन्या धाटणीचे नट अजून पल्लेदार पुस्तकी मराठीत बोलतात, टाळ्याही घेतात. मी नायिकेला आमच्या बोलीत बोलवलं तेव्हा पहिली तक्रार मालकाची नव्हती, नायिकेची होती. ती नागपूरची. म्हणाली, ‘सर, मला हिरोइन म्हणून घेतलंय ना?’

मेट्रोत उभी

खापरीहून बर्डीपर्यंत रोज जाते. फोनवर वाचते, उभ्याने, प्रेमकथा. पुढे लिहिण्यासारखं काही नाही, पण काकूंचं पावत्यांवरचं लेखन आवडलं. मी तिकिटं क्यूआरवर काढते, माझ्याकडे मागची बाजूच नाही.

इंदोऱ्याची बाई

सगळे ऐकण्याबद्दल लिहून राहिले तर मीही तेच लिहिते.

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्याच्यासाठी सुताराकडून शोकेस करून घेतली. मधे टीव्हीचा चौकोन, भोवती कप्पे. इतरांकडे त्या कप्प्यांत काचेचे ससे आणि बाहुल्या. आमच्याकडे पुस्तकं, कारण वडिलांकडे पुस्तकंच होती. वडील गिरणी कामगार, शाळा अर्धवट सुटलेली. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचे आणि पिशवी भरून पुस्तकं आणायचे. तिथे गेलेल्यांना माहीत आहे: लाखो माणसं येतात, रेल्वेने, ट्रकने, पायी, आणि परत जाताना त्यांच्या हातात मूर्ती असते, कॅलेंडर असतं, आणि पुस्तक असतंच. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘लेखन आणि भाषणे’चे खंड घ्यायला रांग लागते. पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका चादरीवर मांडलेल्या असतात, घेणारी म्हातारी कित्येकदा स्वतः वाचू न शकणारी. ती विचारते, ‘नातवाले समजन का?’ मराठी पुस्तक खपत नाही अशी भाषणं मी खूप ऐकलीत. भाषण देणाऱ्यांनी त्या दिवसांत लक्ष्मीनगरच्या बाजूने एक चक्कर मारावी.

वडिलांना वाचायला कष्ट पडत. म्हणून संध्याकाळी टीव्ही बंद करून मी वाचायचे, ते ऐकायचे. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला इथे नागपुरात केलेलं भाषण मी त्यांना किती वेळा वाचून दाखवलं असेल. वडील त्या सभेला लहानपणी आजोबांच्या खांद्यावर होते असं घरात सांगत. मी वाचताना घाई केली की ते हात वर करत: ‘इथं ते थांबले होते.’ मुलाला इतकं खरंच आठवत असेल का, मला शंका आहे. पण जिथे ते थांबवत तिथे थांबलं की वाक्य समजायचं, हे मात्र खरं.

आज मी शाळेत मराठी शिकवते. विरामचिन्हांचा धडा मी तसाच घेते, आधी मोठ्याने वाचून. शोकेस अजून आहे. नवा टीव्ही तिच्यात मावत नाही, तो भिंतीवर लावला. चौकोनात आता उरलेले खंड उभे केलेत. मुलगा म्हणतो, आई, हा बुककेस आधीपासूनच होता, टीव्ही मधे भाड्याने राहून गेला.

वाळ्याची ताटी

बाई, तुमच्या मुलाला लिहायला लावा.

तंबूतल्या दादांना एक विचारायचं आहे. यंदा मंडईला आम्ही चार-पाच जणी यायचं म्हणतोय, महालच्या काकूही तयार आहेत. नागपूरला सर्वांत जवळ पडेल असं गाव कोणतं? बसायला सतरंजी आपली न्यायची की मिळते? आणि ते विनोदी पात्र यायच्या आधी मधे चहा मिळतो का?

तंबूतला

सतरंजी आणाच, आणि दोन ब्लँकेटं. चहा तंबूबाहेर रात्रभर मिळतो, भजीही. तारखा दिवाळीच्या आधी ठरतात, कळवतो. फक्त काकूंना सांगून ठेवा, ‘हे वाक्य काही जमलं नाही’ हे मोठ्याने म्हणू नका. प्रॉम्प्टर मधे बसलेला असतो, तो तेही वाक्य नटाला देऊन टाकेल.

महालची काकू

मग तर म्हणणारच.